ताकुआपा: कथिलाच्या तालुक्यात

ताकुआपा हा थायलंडच्या अंदमान किनाऱ्यावरचा, फांगङा प्रांतातला तालुका. थाय भाषेत तालुक्याला 'आंफू' म्हणतात. बहुतेक पर्यटक इथून खाओ लाकच्या पुळणीवर जातात आणि तालुक्याचं नावही न कळता परततात. इथली नदी का भरली, शहर का सरकलं, 2004 साली त्सुनामीची लाट कुठल्या जमिनीवर आली आणि ती जमीन कोणाची यावर खटले का चालले, या सगळ्याचं मूळ एकच: कथिल. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावतात, तोच हा धातू. पुढचा कार्यक्रम त्या हिशेबाने आखलेला आहे.

यायचं ते नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये. मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी पाऊस या किनाऱ्यावर सरळ आदळतो. रानोंगपासून ताकुआपापर्यंतचा पट्टा थायलंडच्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यांपैकी एक आहे. भारतीयांसाठीचे व्हिसाचे नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी पाहून घ्यावेत. 1 मे 2025 पासून डिजिटल आगमन पत्र ऑनलाइन भरावं लागतं, तेही पोहोचण्याच्या आधीच्या 3 दिवसांत.

पहिला दिवस: फुकेत ते यानयाव

फुकेत विमानतळ बेटाच्या उत्तर टोकाकडे आहे, त्यामुळे फुकेत शहरात जायची गरज नाही. महामार्ग 402 ने उत्तरेला निघायचं. था चाट चायच्या पोलीस चौकीवर कधीकधी कागद तपासतात, म्हणून पासपोर्ट हाताशी ठेवावा. पूल ओलांडून खोक क्लोईला महामार्ग 4 धरायचा. मग थाय मुआंग, लाम केन, खाओ लाक, खुकखाक, बांग मुआंग आणि शेवटी ताकुआपा. एकूण शंभर किलोमीटरच्या आसपास, गाडीने दोन तास. फुकेतहून रानोंगला आणि सुरात थानीला जाणाऱ्या बऱ्याच बस याच रस्त्याने जातात. मात्र त्या विमानतळाच्या दारात येत नाहीत, त्या 402 वर गाठाव्या लागतात.

गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, तरी आपला साधा परवाना पुरत नाही, आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. स्कूटर घेणार असाल तर त्या परवान्यावर दुचाकीचा शिक्का आहे ना, ते भारतातूनच बघून निघा. तो नसेल तर पोलीस दंड करतील तो एक भाग झाला. खरा घोळ अपघात झाल्यावर होतो, कारण विमा कंपनी दावा नाकारते.

मुक्काम यानयावला करावा. आजचं तालुक्याचं गाव ते हेच. तालुका कचेरी, बस स्थानक, इस्पितळ, बाजार सगळं इथे आहे. संध्याकाळी कचेरीच्या बाजूने एक फेरी मारताना इथला कारभार समजून घेतला, तर पुढच्या दिवसांत दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

थायलंडमध्ये दोन कारभार शेजारी शेजारी चालतात. पहिला वरून खाली येणारा: गृहमंत्रालय, मग प्रांताचा राज्यपाल, मग तालुक्याचा 'नाय आंफू'. हे दोघेही नेमलेले अधिकारी. तालुक्याखाली 'तांबोन', म्हणजे गावांचा गट, आणि त्याखाली 'मू बान', म्हणजे गाव. गावाचा प्रमुख 'फूयाय बान' आणि तांबोनचा प्रमुख 'कामनान' हे लोकांतून निवडले जातात, पण मानधन सरकारचं घेतात, सरकारचा हुकूम गावात पोहोचवतात आणि वयाच्या साठीपर्यंत पदावर राहतात. हा साचा 1914 च्या कायद्याचा आहे. दुसरा कारभार निवडून आलेल्या स्थानिक संस्थांचा: शहरात नगरपालिका, म्हणजे 'थेसाबान', आणि खेड्यात तांबोन प्रशासन संस्था, जिचा कायदा 1994 चा. कचरा, गटारं, बाजार, बांधकामाची परवानगी ही कामं यांची. जन्म-मृत्यू, घरनोंदणी आणि ओळखपत्र ही कामं तालुका कचेरीची. नगरपालिकेच्या हद्दीत मात्र घरनोंदणी पालिकाच करते. जमिनीचं खातं पूर्ण वेगळं, त्याचं कार्यालयही वेगळं. कुठल्या कागदासाठी कुठल्या खिडकीवर उभं राहायचं हे इथल्या माणसालाही नेहमी ठाऊक असतं असं नाही, आणि 2004 नंतर या विभागणीची किंमत लोकांनी मोजली.

ताकुआपात 8 तांबोन आहेत: ताकुआपा, बांग नायसी, बांग साय, बांग मुआंग, ताम तुआ, खोक खियान, खुकखाक आणि को खो खाव. पत्ता शोधताना गावाच्या नावावर भिस्त ठेवू नये. घर क्रमांक, मग 'मू' म्हणजे गावाचा क्रमांक, मग तांबोन, असा तो वाचायचा. एकाच तांबोनात ओळीने मू 1, मू 2, मू 3 असतात. चालकाला तांबोन आणि मू सांगितलं की तो बरोबर नेतो.

दुसरा दिवस: तलात याय, जुनं शहर

जुनं शहर यानयावपासून नदीच्या वरच्या अंगाला सहा-सात किलोमीटरवर आहे. सोंगथेव, म्हणजे मागे दोन बाकं टाकलेला पिकअप, सकाळी सहज मिळतो. दुपारनंतर तो विरळ होतो, तेव्हा परतीची सोय आधीच ठरवावी. सकाळी लवकर पोहोचलात तर खनोम चीन खायला मिळतं: तांदळाच्या शेवया, वर माशाची तिखट आमटी आणि शेजारी कच्च्या पाल्याचं ताट. शाकाहारी मंडळींनी पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात 'चे' लिहिलेलं दुकान शोधावं. इतरत्र भाजीच्या रश्श्यातही 'कापी', म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचं वाटण, असते आणि 'मांस नको' म्हटल्याने ती वगळली जात नाही. मुगाचं सारण भरलेलं तावसो हे इथलं नावाजलेलं बिस्कीट. ते बांधून घ्यावं, टिकतं.

सी ताकुआपा रस्त्यावर चिनी-युरोपीय धाटणीची दुकानघरं ओळीने उभी आहेत. समोर कमानींचा पादचारी मार्ग, दर्शनी भाग अरुंद आणि खोली प्रचंड. मध्ये उजेडासाठी उघडा चौक. ही घरं कथिलाच्या पैशातून आणि होक्कियन चिनी मजूर-व्यापाऱ्यांच्या हातून उभी राहिली. जवळच जुन्या सुभेदाराच्या वाड्याची भिंत उरली आहे. एकोणिसाव्या शतकात इथे फ्राया सेनानुचित यांचा अंमल होता, आणि सेनानुचरांगसान हे देऊळ त्यांच्याच नावाचं. त्याआधी, 1809 साली, बर्मी फौजांनी हा किनारा उद्ध्वस्त केला होता. पुन्हा वस्ती उभी राहिली ती खाणींमुळे.

सुभेदारी म्हणजे तेव्हा कंत्राट होतं. बँकॉकला ठरलेला कर आणि कथिल पोहोचवायचं, बाकीचं आपलं. 1890 च्या दशकात गृहमंत्री राजपुत्र दामरोंग यांनी ही पद्धत मोडून पगारी अधिकारी आणले आणि ताकुआपा फुकेतच्या 'मोन्थोन'खाली, म्हणजे विभागाखाली आलं. 1901 ते 1913 या काळात त्या विभागाचे आयुक्त होते खॉ सिम बी, रानोंगच्या चिनी घराण्यातले. दक्षिण थायलंडमध्ये रबर आणल्याचं श्रेय त्यांना देतात. ताकुआपा तेव्हा स्वतंत्र प्रांत होता. जागतिक मंदीत खर्च कमी करण्यासाठी 1932 साली तो फांगङात विलीन झाला आणि प्रांताचा तालुका झाला. फलकांवर हे साल 2475 दिसेल. बौद्ध सनातून 543 वजा करायचे, म्हणजे आपलं साल मिळतं.

आता कथिल. इथल्या डोंगरांच्या ग्रॅनाइटमध्ये कॅसिटेराइट हे खनिज आहे. खडक झिजतो, पाणी ते खाली आणतं आणि ओढ्या-नद्यांच्या वाळूत साठवतं. साध्या वाळूची घनता 2.65, कॅसिटेराइटची जवळजवळ 7. सगळी खाणविद्या या फरकावर उभी आहे. सर्वांत जुनं साधन म्हणजे लाकडी उथळ परात. पाण्यात अर्धी बुडवायची, गोल फिरवायची, दर फेरीला कड किंचित खाली करायची. फिकट वाळू कडेवरून निघून जाते आणि तळाशी काळसर, जड कणांची बारीक चंद्रकोर उरते. फिरवण्याचा वेग जास्त झाला तर बारीक कथिलही वाहून जातं, कमी झाला तर वाळू सुटत नाही. हे काम बहुतेक बायका करत, आणि मोठ्या खाणींनी टाकून दिलेल्या गाळावरही त्यांचा दिवस निघत असे.

मोठ्या खाणीत जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने कडा फोडायचा, झालेला चिखल पंपाने उंच लाकडी पन्हाळीत चढवायचा आणि आडव्या पट्ट्यांमागे कथिल बसू द्यायचं. उरलेला चिखल नदीत. याच्या पुढची पायरी बादल्यांची साखळी लावलेले ड्रेजर. थायलंडमधला पहिला 1907 साली फुकेतच्या बंदरात चालला. पद्धत कुठलीही असो, गाळ नदीतच जात होता. ताकुआपा नदी भरत गेली, मोठ्या नावा तलात यायपर्यंत येईनाशा झाल्या, पूर वाढले. कचेरी आणि व्यापार खाली यानयावला सरकले. तलात यायची घरं जुन्या रूपात टिकली ती यामुळेच: नवं बांधायला कोणाकडे पैसा उरला नाही. रविवारचा पायी बाजार कोरड्या हंगामातच भरतो. वास्तू बघायच्या असतील तर रविवार टाळून साधा दिवस निवडावा.

तिसरा दिवस: नदीच्या वर, कापोंगकडे

पहाटे निघालात तर रबराच्या बागा जागत्या दिसतात. चीक काढणारे मध्यरात्रीनंतर डोक्याला दिवा बांधून बाहेर पडतात, कारण गारव्यात झाडातला दाब जास्त असतो आणि चीक जास्त वेळ वाहतो. खोडाच्या अर्ध्या घेरावर तिरका छेद असतो. त्याची कड वाकड्या सुरीने दर वेळी दीड-दोन मिलिमीटर सोलतात. आतल्या वाढीच्या थरापासून साधारण मिलिमीटरभर साल शिल्लक राहिली पाहिजे. सुरी त्या थराला लागली तर तिथे गाठ येते आणि पुढे त्या जागेवर सरळ छेद घेता येत नाही. नवशिक्याने छाटलेली बाग गाठींवरून लगेच ओळखू येते. चीक द्रवरूपात विकायचा तर गोठू नये म्हणून अमोनिया. वाटीतच गोळा करायचा तर फॉर्मिक आम्ल. उत्पन्न मालक आणि छाटणारा यांच्यात वाटून घ्यायची रीत आहे, साठ-चाळीस किंवा अर्धं-अर्धं. छाटणारे आज बऱ्याच ठिकाणी म्यानमारचे आहेत.

अडचण पावसाची. खोड ओलं असेल तर चीक छेदातून खाली न येता सालीवर पसरतो, म्हणून त्या दिवशी काम बंद. इतक्या पावसाच्या तालुक्यात असे दिवस पुष्कळ. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास पानगळीतही काम थांबतं. म्हणून कित्येकांनी तेलताड लावला. त्याचे घड साधारण पंधरा दिवसांनी काढतात आणि पावसातही काढता येतात. पण कापल्यावर दिवसभरात गिरणीत पोहोचले नाहीत तर तेलातलं आम्ल वाढतं आणि भाव पडतो.

खोक खियानला नदीवरचा बुनसूंग लोखंडी पूल बघावा. तो कथिलाच्या जुन्या ड्रेजरच्या लोखंडातून बनवला आहे. पायी किंवा दुचाकीने जाता येतं. फळ्या पावसात निसरड्या होतात.

रस्ता 4090 ने पुढे शेजारच्या कापोंग तालुक्यात शिरलं की नदीकाठी खाओ फ्रा नारायची टेकडी येते. तालुका दुसरा, इतिहास ताकुआपाचाच. इथे विष्णूसह तीन मूर्ती झाडाच्या मुळांनी कवटाळलेल्या सापडल्या, आणि त्यांच्यासोबत नवव्या शतकातला एक तमिळ शिलालेख. नंगूरच्या एका अधिपतीने खोदवलेल्या 'अवनि-नारणम्' नावाच्या तळ्याचा तो उल्लेख करतो, आणि तळं मणिग्रामम् व सेनामुखम् यांच्या रक्षणाखाली दिल्याचं सांगतो. मणिग्रामम् हा दक्षिण भारतीय व्यापाऱ्यांचा संघ, सेनामुखम् म्हणजे सैनिकांचा गट. अवनिनारायण हे पल्लव राजा तिसरा नंदिवर्मन याचं बिरुद. व्यापारी आले, माल घेतला आणि गेले, इतकाच हा मामला नव्हता. तळं खोदणं आणि त्याची राखण वाटून देणं हे राहायला आलेल्यांचं काम आहे. मूर्तींसाठी फुकेतचं थालांग राष्ट्रीय संग्रहालय गाठायचं, तेव्हा परतीच्या दिवशी दोन तास राखून ठेवावेत. टेकडीवर आता फारसं काही नाही. तरी दोन प्रवाहांचा संगम आणि मागची डोंगररांग पाहिली की नावा इथपर्यंतच का येत असतील ते कळतं.

इथून डोंगर ओलांडून पूर्वेच्या बान्दोन आखातात माल जात असे, असं 1934 साली हा मार्ग पायाखाली घालून ब्रिटिश अभ्यासक क्वारिच वेल्स यांनी मांडलं. अवजड माल त्या खिंडीतून नियमित जात असेल का, यावर अभ्यासकांत एकमत नाही, आणि ती चढण पाहता शंका रास्त वाटते.

परत येऊन दुपारी वेळ असेल तर यानयावजवळचा खलोंग सांग ने हा ओढा होडीतून बघावा. जुन्या वडांच्या पारंब्या पाण्यावर उतरल्या आहेत, फांद्यांवर साप वेटोळे घालून असतात. भरती-ओहोटीची वेळ आधी विचारा. ओहोटीला वरचा भाग उथळ होतो.

चौथा दिवस: बान नामखेम आणि को खो खाव

बान नामखेम हे मासेमारीचं गाव वाटतं, पण ते वसलं कथिलासाठी. फुकेत-फांगङाच्या समुद्रातला मोठा परवाना टेमको या कंपनीकडे होता. लोकांच्या आंदोलनानंतर 1975 साली सरकारने तो रद्द केला आणि मागोमाग शेकडो छोट्या ओढबोटी समुद्रात उतरल्या. लाकडी तराफा, त्यावर इंजिन, पंप आणि पन्हाळ. पाणबुड्या तोंडात हवेची नळी धरून तळाशी जायचा आणि ओढनळीचं तोंड वाळूत धरायचा. खड्डा खोल होत गेला की त्याच्या भिंती ढासळून पाणबुड्या गाडला जायचा. वर हवेचा पंप बंद पडला तर त्याच्याकडे काही क्षणच असत. पैसा मात्र एवढा होता की देशभरातून लोक आले आणि जुन्या खाणीच्या सपाट, पांढऱ्या गाळावर घरं बांधून राहिले.

ऑक्टोबर 1985 मध्ये कथिलाचा भाव सावरून धरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कथिल परिषदेचे पैसे संपले आणि भाव कोसळला. बोटी थांबल्या, माणसं राहिली. कोणी मासेमारीत गेलं, कोणी बांधकामावर. जमिनीचा कागद मात्र बहुतेकांकडे नव्हता, कारण जमीन मुळात खाणपट्ट्याची होती आणि खाणपट्टा राहण्याचा हक्क देत नाही.

26 डिसेंबर 2004 रोजी थाय वेळेनुसार सकाळी 7:58 ला सुमात्राजवळ भूकंप झाला आणि साधारण साडेदहाच्या सुमारास लाट इथे आली. आधी समुद्र मागे हटला, लोक उघड्या पडलेल्या तळावर मासे वेचायला गेले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदीचं मुख, मधली जमीन खाणीने सपाट केलेली, चढायला उंचवटा नाही. गावात शेकडो माणसं गेली. देशभरात अधिकृत आकडा सुमारे 5,400, त्यांतले बहुतेक याच प्रांतातले. मृतदेह यानयाव देवळाच्या आवारात आणले गेले. पहिल्या दिवसांत चेहऱ्यावरून ओळख पटवून देह दिले गेले आणि त्यात चुका झाल्या, कारण उष्ण हवेत दोन दिवसांत चेहरा ओळखण्यासारखा राहत नाही. नंतर दातांच्या नोंदी, बोटांचे ठसे आणि डीएनए यांवरच काम चाललं. कागद नसलेल्या म्यानमारी मजुरांसाठी जुळवायला नोंदीच नव्हत्या. बांग मारुआनच्या दफनभूमीत अनोळखी राहिलेल्यांच्या कबरी आहेत.

समुद्रकाठी स्मारक आहे: एका बाजूला लाटेसारखी वळलेली काँक्रीटची भिंत, समोर नावांच्या फरशा. सन 2547 लिहिलेला दिसेल. स्मारक पाहून झाल्यावर गावातून चालताना सुटकेच्या मार्गाचे निळे फलक नीट पाहावेत. किनाऱ्यावर राहणार असाल तर आपल्या खोलीपासून उंच इमारतीपर्यंत एकदा चालून बघावं. भूकंप दूर असेल तर तो जाणवणारही नाही. समुद्र अचानक हटला तर भोंग्याची वाट न पाहता निघायचं.

लाट ओसरल्यावर जमिनीचा प्रश्न उघडा पडला. घरं वाहून गेली, घरनोंदणीची वही वाहून गेली, आणि जुन्या खाणपट्ट्याच्या आधारे मालकी सांगणारे हजर झाले. इथला कागद त्यावरच्या गरुडाच्या रंगावरून ओळखतात. लाल गरुड म्हणजे 'चानोत', पक्की मालकी. हिरवा म्हणजे 'नोर सोर 3 कोर', ताबा मोजून दिलेला. काळा म्हणजे 'नोर सोर 3', कच्ची मोजणी. निळा म्हणजे 'सोर पोर कोर', शेतीसाठी दिलेली, वारशाने जाणारी, पण विकता न येणारी जमीन. पिढ्यानपिढ्या किनाऱ्यावर राहिलेल्या मोक्लेन लोकांकडे बऱ्याचदा यांतला एकही नव्हता. थुंग वा इथे त्यांनी परत जाऊन आपल्या जागेभोवती दोर बांधले आणि मग वाटाघाटींना बसले. छावणीत थांबून कागद मागितला असता तर जागा गेली असती, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं.

दुपारी धक्क्यावरून को खो खावला जायचं. गाड्या नेणारी फेरीबोट आणि लांबट होड्या दोन्ही चालतात, काही मिनिटांचं अंतर. शेवटची फेरीबोट किती वाजता ते उतरल्या उतरल्या विचारावं. थुंग तुएक इथे विटांचे चौथरे आहेत. तांग काळातली चिनी भांडी, पश्चिम आशियाची काच आणि मणी इथे सापडले. कालच्या शिलालेखाचं बंदर हेच असावं, असं भूगोल सुचवतो. बेटावर दुसऱ्या महायुद्धातली जुनी धावपट्टीही आहे. सावली नाही, पाणी सोबत न्यावं.

पाचवा दिवस: खुकखाक, बांग नियांग

खाओ लाक म्हणून जे विकलं जातं, त्याचा बराच भाग खुकखाक तांबोनात येतो, तर सिमिलान बेटांच्या बोटी सुटतात तो थाप लामू धक्का शेजारच्या थाय मुआंग तालुक्यात. त्यामुळे एकाच पर्यटकाचा खर्च दोन तालुक्यांत वाटला जातो. सिमिलान उद्यान 16 मे ते 14 ऑक्टोबर बंद असतं आणि त्या काळात अनेक हॉटेलं कामगार कमी करतात. ते कामगार मग रबराकडे किंवा बांधकामाकडे वळतात, नेमकं जेव्हा पावसामुळे तिथेही काम थोडं असतं. पावसाळ्यात लाल बावटा असेल तर गुडघाभर पाण्यातही उतरू नये. इथला परतीचा प्रवाह पोहणाऱ्यालाही ओढतो.

बांग नियांगला सागरी पोलिसांची 813 क्रमांकाची गस्तनौका किनाऱ्यापासून किलोमीटरहून अधिक आत उभी आहे. लाटेने ती तिथवर आणून टाकली. जवळून बघितल्यावर तिचं आकारमान आणि मधली सपाट जमीन दोन्ही ध्यानात येतात. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दिसणारी तळी नैसर्गिक नाहीत, ते खाणींचे खड्डे आहेत. भोवतीच्या पांढऱ्या वाळूत पाणी आणि खत टिकत नाही, काजू आणि सुरू तग धरतात.

पुढे सुरात थानीला जायचं असेल तर यानयावहून महामार्ग 401 खाओ सोकच्या डोंगरातून पूर्वेला जातो. सकाळची बस घ्यावी, वळणं अंधारात त्रासदायक आहेत आणि पावसाळ्यात दरडींमुळे रस्ता अडतो. फुकेतला परतायचं असेल तर थालांग संग्रहालय विमानतळाच्या दक्षिणेला आहे. आधी ते बघावं, मग विमानतळ. संग्रहालय उघडं असण्याचे वार आदल्या दिवशी तपासून घ्यावेत.